पहिला सोमवार, पुंता अरेनास

मार्च. शाळेच्या कोपऱ्यावर दोरी ताणलीय,
तिला धरून आम्ही वाऱ्यातून आत येतो.
केस सगळ्यांचेच पिंजारलेले,
त्यामुळे नवं कोण, जुनं कोण, कळत नाही.

रसायनाच्या कुसानोविच सरांना
डाव्या हाताला साडेचार बोटं.
वर्ग टक लावून बघतो.
"आम्ल नव्हे," ते म्हणाले, "गाडीचं दार. वारा होता."
आणि लगेच फळ्यावर हायड्रोजन.

गणिताच्या बाई फळ्याशीच बोलतात.
फळ्याला समजत असावं.
मी वहीत तारीख घातली,
खाली पट्टीने रेघ मारली,
आणि तास संपला.

इतिहासाला, हजेरी घेताना, ओयार्सून बाई थबकल्या.
"मान्सिया? नेल्सनची बहीण?"
पोटात गोळा.
नेल्सन दोन वर्षं खेकड्यांच्या बोटीवर आहे.
शाळा सोडली त्या दिवशी दप्तर सामुद्रधुनीत भिरकावलं,
असं तो सांगतो, दरवेळी जरा जास्त लांब.
"त्या खिडकीपाशी बसायचा," बाई म्हणाल्या,
"प्रश्न विचारून भंडावून सोडायचा.
नकाशांचं एक पुस्तक अजून यायचंय त्याच्याकडून."

पोरं हसली.
मला घरी कुणी कधी सांगितलं नव्हतं
की तो प्रश्न विचारायचा.

रात्री माळ्यावर चढले.
जुन्या जाळ्यांखाली दप्तर होतं,
कोरडं ठणठणीत.
पुस्तकात, दक्षिणेच्या शेवटच्या बेटाशेजारी,
जिथे नुसता निळा रंग आहे,
पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह.

उद्या इतिहास दुसऱ्या तासाला आहे.
देईन.
परवा देईन बहुतेक.