डावी गाठ

साकोलीच्या शिबिरात डॉक्टरीण म्हणाली,
वरच्या काचेतून तळं बघा, खालच्या काचेतून जाळं.
पायरी उतरताना हनुवटी छातीला लावा,
नाहीतर पाय फसेल, बाबाजी.
मी हसलो. साठ वर्षांत
माझ्या पायांना डोळ्यांची गरज पडली नव्हती.
एसटीतून उतरताना पडलोच.

काचेत एक बारीक रेघ आहे,
नखानं ओढल्यासारखी.
तिच्या खाली माझ्या हातावरच्या खपल्या, सुईचं भोक;
वर, पार त्या काठाला, देवधानात उभा सारस
आणि त्याच्या मागे दुसरा, मान खाली घातलेला,
जो मला चार वर्षं दिसलाच नव्हता.
मी घरी सांगायचो, एकटाच आहे बिचारा.

फुलवंता चुलीपासून उठून समोर आली.
"आता मी म्हातारी दिसतो का गा?"
म्हटलं, दातात संभाराचं पान अडकलंय.

सकाळी पाळीवर जाळं पसरलं.
चार वर्षं ते मी बोटांनीच शिवलं,
अंगठ्याच्या नखानं एकेक घर मोजून,
आणि मनात फुगत राहिलो
की हाताला सगळं पाठ आहे.
आता बघतो तर
कुठे दोन घरांचं एक झालेलं,
कुठे दोरा नुसताच गुंडाळलेला,
मरळ आरामात निघून जाईल
एवढी भगदाडं मागे ठेवून मी पुढे गेलेलो.
आणि प्रत्येक भगदाडावर
दुसऱ्याच कुणाची तरी गाठ.
उलट्या वळणाची.

गावात डावखुरा एकच, अंताराम.
सोसायटीच्या निवडणुकीपासून
आमचं बोलणं नाही.
डोंगा एक, जाळं एक,
तो त्या टोकाला, मी या टोकाला,
कतला मोजून वाटा करायला
त्याचा जावई.
रात्री जाळं त्याच्या ओट्यावर सुकतं.
मला वाटायचं, नुसतं सुकतं.

आताही तो बसलाय, मोहाच्या त्याच सावलीत,
माझ्यापासून दोन हातांवर.
बिडीचा वास येतोय.
वरच्या काचेतून बघावं तर धुकं,
खालच्या काचेतून बघावं तर तेच धुकं.
हे डॉक्टरीण बोलली नव्हती,
की मधल्या अंतराला काच नाही.
मी मान वर करतो, खाली करतो,
पुन्हा वर.

"कोंबड्यावानी मान काहून हालवतस बे?"

चार वर्षांत पहिला शब्द, आणि तो असा.

काय सांगावं ते सुचेना.
जाळ्याचं टोक मांडीवर घेऊन
मी वीतभर सरकलो.
त्याचं नाक अजून धूसरच होतं.
आणखी वीतभर सरकलो.