अकारविल्हे

शाळा जूनमध्ये बंद होणार. मुलं उरली नऊ.
सारेमा बेटावर असं हल्ली वरचेवर होतं.
निरोपाच्या दिवशी दारातल्या फळ्यावर लावायला
एक यादी हवी होती: एकोणीसशे एकसष्टचा वर्ग,
तेवीस नावं, अकारविल्हे.
मला म्हणाले, तू टाल्लिनला कॉम्प्युटरवर असतेस,
तुला काय, एका ओळीचं काम.

खरंच एका ओळीचं.
यादीचं नाव, एक टिंब, क्रम लावायची आज्ञा,
पुढे रिकामा कंस.
चहात साखर विरघळायच्या आत
तेवीसजण रांगेत उभे.

कागद न्यायला लेइडाबाई स्वतः आल्या,
अठ्ठ्याऐंशीच्या, गमबुटांना ज्युनिपरचे काटे चिकटलेले.
चष्मा कपाळावर ढकलून
हजेरी घ्यावी तशा मोठ्यानं वाचू लागल्या.
सिल्ड.
टाम्म.
थांबल्या.
"झिल्मर कुठाय?"

झिल्मर खाली होती, वाहेरच्याही खाली.
"तिथं काय करतेय ती?"
बाई, झेड शेवटी येतं.
"कुणाच्यात?"

आमच्यात नाही, हे खरं.
आमच्या मुळाक्षरांत ते एसच्या मागं, टीच्या आधी,
परक्या शब्दांपुरतं ठेवलेलं,
पाहुणं, पण पाट ठरलेला.
यंत्राला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो,
कुणीतरी कुठंतरी बसून वाटलेला:
आधी मोठी अक्षरं, मग लहान,
मग उरलीसुरली,
ज्यांच्या डोक्यावर टिंबं आहेत, लाट आहे.
अल्लिकचं नाव मी घाईत लहान अक्षरानं टाईप केलेलं,
तर पहिल्या बाकावरचा अल्लिक
झिल्मरच्या मागं जाऊन उभा.
विल्हे लावता लावता
मी त्यांची विल्हेवाट लावली होती.

"टाम्म डावरा," बाई म्हणाल्या.
"डाव्या हाताला तेव्हा परवानगी नव्हती.
इन्स्पेक्टर आले की झिल्मर कोपर पसरून बसायची,
अशी, की त्याचा हात दिसू नये.
मलाही दिसला नाही. तीन वर्षं.
तुझ्या कागदावर त्याच्या शेजारी सिल्ड आहे.
सिल्ड मुख्याध्यापकांच्या कानाला लागायचा."

मी रिकाम्या कंसात एक खूण भरली:
कोणत्या भाषेच्या कानानं ऐकायचं, ती.
झिल्मर वर आली आणि टाम्मला चिकटून बसली.
अल्लिक धापा टाकत पहिल्या जागी.
एउनापूच्या पहिल्या अक्षरावर लाट,
बेटावर आम्ही ते अक्षर लिहितो, उच्चारत नाही,
तीही एक्केच्या पुढं सरकली.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले
आणि बोट सरळ खाली नेलं.
यूक्सिक.
यंत्राच्या क्रमात शेवटचा,
आमच्याही क्रमात शेवटचा.
तेवीस म्हणजे विषम, मागचा बाक त्याचा एकट्याचा.
आडनावाचा अर्थही तोच: एकटा.

"याचं काही करता येतं?"

उलटा क्रम लावता येतो, मी म्हटलं,
मग तो पहिला.
"आणि मागं अल्लिक?
अल्लिकला फळ्यावरचं दिसायचं नाही."

मी आणखी आज्ञा आठवत राहिले.
लांबीनुसार. जन्मतारखेनुसार.
फेरी सुटायला वीस मिनिटं होती.
बाईंनी नव्या कागदाची घडी घातली,
चुकीचा माझ्या चहाखाली सारला,
बशीसारखा.

"गणिताच्या तासाला," दारातून म्हणाल्या,
"त्याच्या बाकावर मी बसायचे.
ते कुठल्या अक्षरात घालशील?"