मशेरीची डबी

राबोडीत इद्रिसच्या काट्यावर
पितळेच्या भावात पडली होती ती.
दोन मोडके नळ, समईचा एक पाय,
आणि ही.

मी चेहरा कोरा ठेवला.
तेवीस वर्षं दिघ्याच्या कंपनीत गेज तपासली,
हात थरथरू द्यायचा नाही, एवढं येतं.
"हिचे किती?" विचारलं,
जुडीचा भाव विचारावा तसं.

घरी येऊन कॅलिपर लावला.
पाच इंच, सव्वातीन, सव्वा. अस्सल.
झाकणावर नाताळ, सन एकोणीसशे चौदा,
कडेनं दोस्त राष्ट्रांची नावं
(एकदोन आता नकाशावर सापडत नाहीत)
आणि मधोमध राजकन्या.
तिला नाक नव्हतं.

माझ्या कपाटातल्या अकराही जणींना नाक आहे.
पुण्याचे बेहेरे फोनवर म्हणाले,
"झिजलेली? कशाला घेतलीत!
बरं, चिंच लावू नका, उरलीसुरली किंमत जाईल."

उघडली तर वास आला.
शिपायाच्या सिगारेटींचा नव्हे,
तव्यावर करपवलेल्या तंबाखूचा.
सांध्यात काळी पूड अजून धरून होती.

इद्रिसनं पत्ता दिला. कळव्याची चाळ पाडलेली,
माणसं विटाव्याला भाड्यानं.
दार शेवंताबाई मोहित्यांनी उघडलं.
"आजेसासूची ती. म्हातारा बसऱ्याहून घेऊन आला.
नंतर कधी हात लावला नाही त्यानं तिला.
का ते कुणी विचारलं नाही.
हिनं मग मशेरी भरली.
चूल पेटायच्या आधी उंबऱ्यात बसायची,
डबी डाव्या हातात, अंगठा असा, मडमेच्या तोंडावर.
मरेस्तोवर. सत्तावन्न वर्षं म्हणा."

मी पैसे काढू लागलो, त्यांनी हसून हात झटकला.
"भंगारात मीच घातली की.
तुमच्याकडं अशा अकरा? आणि काय ठेवता त्यांत?"

काही नाही, म्हणालो.

"मग?"

रात्री झीज मोजली,
बाकीच्या अकरा नाकांशी ताडून.
दशांश तीन मिलिमीटर.
दोनदा घेतलं माप, तेच आलं.
माझा अंगठा त्या खळग्यात बसत नाही,
तिचा लहान असणार.

वहीत 'स्थिती'चा रकाना
अजून रिकामा आहे.
डबीत सध्या
कॅलिपरचे जादा सेल ठेवलेत.