मे महिन्यात हीटर

औशाकडच्या माळावर मुरूम दाबून केलेला ट्रॅक.
सकाळी साडेदहालाच बेचाळीस.
बाभळीखाली गाडी, बॉनेट उघडं,
आणि गौस मिस्त्री
तापल्या लेकराच्या कपाळावर वाकावं तसे वाकलेले.

"पाणी तापलं तर इंजिन बोंबलतं, पोरी.
तेल बोलत नाही.
तेलाचा तो लाल दिवा म्हणजे तार.
तार हातात पडते, तवर माणूस गेलेला असतो."

म्हणून त्यांनी काटा बसवला,
नजर रस्त्यावरून न काढता दिसेल असा.
गादीवाल्याकडचा फोम कापून
रेडिएटरच्या कडेच्या फटी बुजवल्या.
"हवा आळशी असते. वाट दिसली की बाजूनं सटकते.
तिला जाळीतूनच जायला लाव."
चेंबर उतरवून आत पत्र्याच्या आडभिंती जोडल्या.
का, असं विचारलं तर काठोकाठ परात माझ्या हातात दिली:
"घे, पळ. आता वळ."
निम्मं पाणी माझ्या सलवारीवर.
"लांब वळणाला तेलबी असंच एका अंगाला पळतं.
सोंड मग नुसती हवा पिते."

चौथ्या फेरीला एकशे आठ.
पाचवीला एकशे तेरा.
पुढे उदगीरची पांढरी गाडी, तिची धूळ माझ्या जाळीत.
कठड्यावर मन्मथनं पाटी धरलेली: दोन सेकंद.
मी हीटर लावला.
पूर्ण.
बेचाळीसच्या उन्हात, काचा खाली, हेल्मेटमध्ये,
इंजिनाला सोसेना ते नडग्यांवर घेतलं.
घाम भुवईवरून डोळ्यात,
आणि काटा, उपकार केल्यासारखा,
एकशे सहावर आला.

मग ते डावं वळण, टाकीजवळचं,
संपता संपत नाही असं.
तेलाचा काटा चारवरून एकवर
आणि परत चारवर.
पापणी लवावी तेवढंच.
पुढच्या फेरीत पाय हलका ठेवून बघितला.
तरी पडला. या वेळी उठायला उशीर लावला.
आडभिंतींनाही मर्यादा असते.

पांढरी गाडी आता चार हात पुढे.
दिवा अजून लागलेला नव्हता.

क्लच दाबला. किल्ली एक खटका मागे.

एवढा आवाज थांबला की
टायरखालचा मुरूम ऐकू आला,
कुठं तरी टिटवी,
माझाच श्वास हेल्मेटात.
गाडी आपल्या ओढीनं जात राहिली, बरीच,
मग थांबली.

मिस्त्री धावत आले नाहीत. चालत आले.
मी झाकणाकडे हात नेला तर मनगटावर चापट.
"ती आपणहून पडली, का तू बंद केलीस?"
"मी केली."
पुढं काही बोलले नाहीत.

बक्षीस वाटून झालं, मांडव उतरला,
तेव्हा त्यांनी गाडीखाली घुसून नट सैल केला.
खिशातला पांढरा रुमाल त्या धारेत भिजवला,
दोन बोटांत चोळला,
उतरत्या उन्हासमोर धरला,
इकडून, तिकडून,
बेअरिंगची चमक शोधत.

"काळंच आहे," ते म्हणाले,
घरात पाळणा हलल्यासारखं तोंड करून.