वाफा सात

भात झोडून झालं, गवत घरी गेलं,
आणि धारगळच्या सड्याखाली शेत उघडं पडलं
खुंटांसकट.
वर सड्यावर सगळं पिवळं, जांभा तापलेला,
खाली मातीत अजून एक वीत ओल.
त्या एका वितीवर तीन महिने काढायचे.

मी खात्याचा माणूस, तात्पुरता, अकरा महिन्यांचा.
सोबत टेप, सुतळी, बांबूच्या खुंट्या,
स्फुरदाची पोती, डबीएवढा वजनकाटा
आणि हिरव्या कव्हरची वही.
तीन अंतरं: तीस बाय दहा,
पंचेचाळीस बाय पंधरा, साठ बाय वीस.
चार मात्रा: शून्य, वीस, चाळीस, साठ.
तीन चोक बारा वाफे.

सत्यवती तुळसकर बांधावर हात टेकून:
"अळसांदे पेरतंस, की झगो शिवतंस?"
तिचं माप अंगठा.
अंगठ्याएवढं भोक, दोन दाणे, पायाने माती,
मग एक पाऊल, तेही तिचंच, आखूड.
बी राखेत ठेवलेलं, तिच्या पंचाहत्तर वर्षांसारखं करडं.

कुठला वाफा कुठे, ते मी चिठ्ठ्या टाकून ठरवलं.
तेव्हा मात्र ती गप्प झाली.
देवळात कौल घेतात त्याची तिला सवय होती.
सातव्या चिठ्ठीला दाट पेरणी आली, मात्रा चाळीस.
"बरी गावली," ती म्हणाली,
जणू मी काही मागितलं होतं.

डिसेंबरात रोज सकाळी पानांवर दव,
साडेदहाला काही नाही.
फुलं जांभळट उघडायची
आणि मी मोजून होईपर्यंत मिटायची.
शून्याच्या वाफ्यातलं रोप उपटलं: मुळांवर चार गाठी.
चाळीसच्या वाफ्यातलं उपटलं:
गाठीच गाठी, नखाने फोडल्या तर आत गुलाबी.
तिला दाखवल्या. तिने वास घेतला,
"ह्या तर आमच्या शेतात आधीपासून असत," म्हणाली,
आणि एक गाठ पदराला पुसून
माझ्या वहीवर ठेवली.

वाफा पाच मोरांनी खाल्ला.
सड्यावरून खाली उतरले, नऊ होते,
रांगेत चालले, माझ्या सुतळीला धरून.
रकाना रिकामा. शेऱ्यात लिहिलं: मोर.

मार्चला शेंगा वाळल्या, खडखडल्या.
साठ बाय वीसचं झाड ऐसपैस,
फांद्या पसरून, चौदा शेंगा.
सातमधली झाडं काटकुळी, एकमेकांच्या बगलेत हात घातलेली,
एकेकाला चार, कुणाला पाच.
तरी वजनात सात पहिला. सव्वा किलो.
ऐसपैस वाफा किलोला आला नाही.
साठची मात्रा चाळीसच्या पुढे गेली नाही,
खत फुकट गेलं.
मी हे तिला वाचून दाखवलं, दोनदा,
कारण मला आनंद झाला होता.

तिने शेंग सोलली. ऊन डोळ्यांवर घेत
मोपाकडून एक विमान उठलेलं बघितलं,
ते सड्यापलीकडे जाईपर्यंत.
"तू कोणाक इचारलंस?
झाडाक, की जमनीक?"

वहीत त्याला रकाना नव्हता.
पुढच्या वर्षाचं बी तिने
ऐसपैस वाफ्यातून निवडलं, चौदा शेंगांच्या झाडाचं,
आणि मला म्हणाली, पेरणी मात्र तुझ्या सातासारखी करतंय,
तुझी सुतळी हंयच ठेव.
ठेवली. खात्याची होती.

निघायच्या दिवशी दुपारी जेवायला बसवलं.
अळसांद्यांचं तोणाक, ओल्या खोबऱ्याचं, उकडा भात.
मी विचारलं, कुठल्या वाफ्यातले?
ती वाढत राहिली.
अकरा पिशव्यांवर मी अकरा चिठ्ठ्या बांधल्या होत्या.
त्या चुलीशेजारी पडलेल्या दिसल्या,
एकात एक खोचून, नीट,
फेकून द्यायच्या नसल्यासारख्या.