कुडाळहून आणलेली फिल्म

बोगद्यात पंचवीस मिनिटं पडून होतो,
कानात बोळे, मुठीत रबरी फुगा:
नाही सोसलं तर दाबा.
दाबला नाही. आतली धडधड
जुन्या दोन सिलिंडरच्या इंजिनासारखी,
मी मनातल्या मनात डिझेल मोजत राहिलो.

रिपोर्टात लिहिलं होतं, एल-चार एल-पाच,
पाणी आटलेली चकती, मागे किंचित फुगलेली.
शेवटी एक शब्द: झीज.
तो वाचला आणि दांडीच्या वाळूत
ओढून ठेवलेली नारबाची होडी आठवली,
फळ्या सुटलेली, आत कोंबडी अंडी घालते.

पंधरा दिवस मी तसाच.
चप्पलसुद्धा द्रौपदी पायाशी आणून ठेवायची.
रापणीचा वाटा आधी अर्धा आला,
मग कोणी आणून दिला नाही.

मेहजबीन मुकादम, फिजिओ,
फिल्म उजेडावर लावून म्हणाल्या:
पांढरं ते पाणी. ही काळी, सुकलेली.
पन्नाशीत पुष्कळांची एखादी काळी असते,
ज्यांना काही दुखत नाही त्यांचीही.
फिल्म ठेवा बाजूला. तुम्हाला दुखतं कधी?

हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.
मी आठवत होतो, तोवर दाराशी द्रौपदी:
"माज्यो तर दोन काळ्यो आसत,
मी कोणाक सांगलंय?"
जेटीच्या पायरीवरून घसरली होती, तेव्हाची फिल्म.
पेटीत, लग्नाच्या साडीखाली.
तीन वर्षं पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठते.
मी खाली बघितलं. बाईंनी हसू दाबलं.

मग वल्हं आणायला सांगितलं.
डोकं, पाठ, माकडहाड, तिन्हीला टेकवून
कमरेतून नाही, खुब्यातून वाकायचं.
रोज वीस मिनिटं ओल्या वाळूवरून चालायचं.
रांगत्या पोरासारखं चार पायांवर
उजवा हात, डावा पाय, दहापर्यंत मोजून.
नारबा बघून म्हणाला, कुत्रा खांबाशी असाच.
आठव्यावर हसलो आणि कोसळलो.

दुसऱ्या आठवड्यात वाढलं, रागाने गेलो.
"दुखणं म्हणजे मोडणं नव्हे," म्हणाल्या,
"दहाऐवजी सहा करा. सोडू नका."

अकराव्या आठवड्यात रापणीला उभा राहिलो,
ओढायला नाही, दोर गुंडाळायला, शेपटाशी.
दुखलं. चकती अजून काळीच असणार.
दोर ओला होता, जड. वाकलो
तेव्हा पाठीवर वल्हं नव्हतं,
तरी तिन्ही जागी टेकलेलं जाणवलं.