मुनीम

मुनीम हे नाव चाचांनी ठेवलेलं.
चालतो असा, की दर पावलाची खातेवहीत नोंद व्हावी.

पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं वावर,
त्यात चुन्यानं आखलेला वीस बाय चाळीस मीटर.
कुठूनतरी तुरीचं कुटार उडत येतंय.
मी टाच मारते, मारतच राहते.
तो कँटर धरतो
आणि दुसऱ्या कोपऱ्यावर दुडकीत विरघळतो.

धुऱ्यावर खर्रा घोटत हाफीजचाचा:
"काहून ठोकून राह्यली व?
रोज दार वाजवनाऱ्याले कोनी दार उघडते का?
येक डाव सांग. मंग गप बस."

गप बसणंच जड गेलं.
टाचा लोंबत्या, कंबर सैल,
दुडकी, दुडकी,
मग बाहेरच्या पायानं एकदाच विचारलं.

एक कान माझ्याकडे वळला.
मागचा खूर पोटाखाली खोल आला,
पाठ उचलली गेली माझ्यासकट.
एक, दोन, तीन,
आणि तीननंतरची ती रिकामी जागा
जिथं चारही खूर काळ्या मातीचे कुणी लागत नाहीत.

कोपरा आला, गेला.
मी काही केलं नाही.

अकराव्या ढांगेला तो आपणच दुडकीत उतरला,
हिशेब जुळल्यासारखा फुरफुरला.

चाचा थुंकले.
"उतर आता. आज इतलंच."